लाघवी खल आणि हंसणारा प्रेक्षक

दुष्ट मनुष्य रंगभूमीवर आला म्हणजे त्याचा दुष्टपणा प्रेक्षकांस दुरूनच ओळखतां यावा, अशी तजवीज पुष्कळ नाटककार करून ठेवतात. भिवया वक्र, आवाज घोगरा, हास्य विकट. मग निवाडा करण्याचे श्रम प्रेक्षकांस पडत नाहींत. परंतु नाट्यवाङ्मयांत खलपुरुषांची दुसरीहि एक जात आहे. ह्या जातीचा खल बोलण्यांत चतुर, वागण्यांत मोकळा आणि संकटांत न डगमगणारा असतो. सज्जनांपेक्षां त्याचा सहवास आपणांस अधिक रुचतो, आणि नाटक संपवून घरीं जातांना मनाला एक चमत्कारिक रुखरुख लागते: आज संध्याकाळभर आपण नेमक्या कोणाच्या बाजूनें हंसत होतों? फ्रान्सच्या अभिजात विनोदी रंगभूमीनें सतराव्या व अठराव्या शतकांत ही जात मोठ्या हौसेनें जोपासली.

ह्या खलांविषयीं नीतिवाद्यांची तक्रार जुनीच आहे. दुर्गुण आकर्षक करून दाखविला म्हणजे त्याचा प्रसार होतो, असें ते म्हणतात. उलट दुर्गुणाचें हंसें करणें हेंच त्यावरील औषध, असें नाटककारांचें उत्तर असतें. तत्त्वाच्या पातळीवर हा वाद वाटेल तितका लांबवितां येईल. तो इतिहासाच्या वाटेनें तपासणें आम्हांस अधिक फलदायी वाटतें. त्यासाठीं एकच साधा प्रश्न हातीं धरावा: पडदा पडण्यापूर्वीं ह्या खलाला शासन कोण करतो? राजा, परमेश्वर, घरचीं माणसें, कीं कोणीच नाहीं? ह्या प्रश्नाचीं उत्तरें सुमारें दीडशें वर्षांत पालटत गेलीं, आणि त्या पालटांत फ्रेंच समाजाच्या विवेकाचा एक लहानसा इतिहास सांठविलेला आहे.

मराठी वाचकांस मोलियेर अगदींच अपरिचित नाहीं. हरिभाऊ आपट्यांनीं 'मारून मुटकून वैद्यबुवा' ह्या रूपानें त्याच्या एका प्रहसनास मराठी पेहराव दिला. देवलांचें 'संशयकल्लोळ'हि आर्थर मर्फी ह्या इंग्रजी नाटककाराच्या मार्गानें अखेर मोलियेरच्याच एका प्रहसनापर्यंत जाऊन पोंचतें. पण ह्या नाटकांतील हास्य निरुपद्रवी आहे. तें कोणाच्या मनाला टोंचणी लावून जात नाहीं. मोलियेरचें दुसरें, अधिक अवघड हास्य पाहावयाचें तर त्याच्या खलांकडेच गेलें पाहिजे.

आरंभ मात्र कोर्नेयपासून करावा. उदात्त नाटकांविषयीं ख्यात असलेल्या ह्या कवीनें १६४४ च्या सुमारास 'ल मांतर', म्हणजे 'थापाड्या', हें विनोदी नाटक रंगभूमीवर आणलें. त्याचा नायक दोरांत हा कायद्याचा अभ्यास टाकून पॅरिसला आलेला तरुण. जर्मनीच्या रणांगणावर पाऊलहि न टाकतां तो तेथील आपले पराक्रम वर्णितो; न दिलेली नौकांवरील मेजवानी पक्वान्नें व वाद्यें ह्यांसकट ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढें उभी करतो; आणि बापानें ठरविलेलें लग्न टाळण्यासाठीं आपलें एक लग्न आधींच झालें असल्याची कथा रचतो. हें कथानक आलार्कोन ह्या स्पॅनिश नाटककाराचें. मूळ नाटकांत थापाड्याला अखेर नको असलेल्या मुलीशीं लग्न करावें लागतें, आणि तीच त्याची शिक्षा. कोर्नेयनें नायकाचें मन आयत्या वेळीं त्या दुसऱ्या मुलीकडे वळवून शिक्षेचेंच बक्षीस करून टाकलें. पुढें ह्या नाटकाच्या उत्तरभागाला जोडलेल्या अर्पणपत्रिकेंत, प्रेक्षकांस आनंद देणें हाच नाट्यकवीचा हेतु, अशी बाजूहि त्यानें मांडली. येथें शासन करणारा कोणी नाहीं आणि त्याची उणीवहि भासत नाहीं, कारण दोरांतच्या थापांनीं कोणाचें घर बुडत नाहीं.

मोलियेरच्या 'तार्त्यूफ'मध्यें घर बुडण्याची वेळ येते. ओर्गों हा सुखवस्तु गृहस्थ एका देवभक्ताच्या नादीं लागतो. त्याला तो घरांत आणून ठेवतो, मुलगी देऊं करतो, मालमत्ता त्याच्या नांवें करून देतो. एवढेंच नव्हे, तर एका परागंदा मित्रानें विश्वासानें ठेवलेली जोखमीच्या कागदपत्रांची पेटीहि त्याच्या स्वाधीन करतो. हा तार्त्यूफ दिसण्यांत मदनाचा पुतळा नाहीं. चांगला धष्टपुष्ट, खाण्यापिण्यांत कसूर न करणारा असा तो बोवा आहे. नाटककारानें पहिले दोन अंक त्याला रंगभूमीवर आणलेंच नाहीं. तोंवर आपण पाहतों तो त्याचा भक्त. मालकीणबाई तापानें अंथरुणास खिळली होती, असें दासी सांगत असतां ओर्गों पुनःपुन्हां खुशाली विचारतो ती तार्त्यूफची. ह्या प्रवेशावर प्रेक्षागृह हंसून लोटपोट होतें. पण सारी मेख ह्या प्रवेशांतच आहे. लाघव हें जितकें लाघवी माणसाच्या ठायीं असतें, तितकेंच भुलणाऱ्याच्या गरजेंत असतें. ओर्गोंला घरांत निरंकुश सत्ता हवी आहे. बायकामुलांच्या इच्छा मोडून काढतांना आपण धर्मकृत्यच करीत आहों, असें मानण्याची सोय त्याला तार्त्यूफ पुरवितो.

तिसऱ्या अंकांत ओर्गोंचा मुलगा दामीस हा तार्त्यूफला आपल्या सावत्र आईपाशीं प्रेमयाचना करतांना पकडतो व बापापुढें सर्व उघड करतो. तार्त्यूफ तें नाकारीत नाहीं. आपण पापी आहों, सर्व दोषांचें आगर आहों, असें तो नम्रपणें कबूल करतो. त्याचा प्रत्येक शब्द खरा आहे, आणि तो इतक्या नम्रतेनें उच्चारला गेल्यामुळेंच ओर्गोंला खोटा वाटतो. मुलाला घराबाहेर काढण्यांत येतें. सत्याच्याच हातून असत्याचें काम करवून घेण्याची ही करामत पाहून आपण हंसतों, आणि त्या हंसण्यांत कौतुकाचाहि अंश असतो, हें प्रामाणिकपणें मान्य केलें पाहिजे.

ह्या नाटकाचा इतिहास सर्वश्रुत आहे. त्यांतील ठळक गोष्टी तेवढ्या सांगतों. १२ मे १६६४ रोजीं व्हर्साय येथील उत्सवांत तें तीन अंकांच्या स्वरूपांत चौदाव्या लुईपुढें झालें. राजाला तें रुचलें, तरी सार्वजनिक प्रयोगांस मनाई झाली. पिएर रुले नांवाच्या एका धर्मगुरूनें तर नाटककार जाळण्याच्याच योग्यतेचा असल्याचें लिहिलें. १६६७ च्या ऑगस्ट महिन्यांत नाटकाचें व पात्राचें नांव बदलून पुन्हां प्रयोग झाला. राजा तेव्हां फ्लँडर्सच्या मोहिमेवर होता, आणि पॅरिसच्या वरिष्ठ न्यायसभेचे अध्यक्ष लाम्वान्यों ह्यांनीं लागलीच बंदी घातली. नाटक पाहणाऱ्यास, वाचणाऱ्यास वा ऐकणाऱ्यास धर्मबहिष्काराचें भय आर्चबिशपांनीं दाखविलें. अखेर ५ फेब्रुवारी १६६९ रोजीं परवानगी मिळाली. मोलियेरच्या मंडळींतील ला ग्रांज ह्या नटाच्या नोंदवहींत त्या दिवसाचें उत्पन्न २,८६० लिव्ह्र इतकें लिहिलेलें आहे. पांच वर्षें दडपलेल्या नाटकाला लोटलेली ही गर्दी होती.

शेवटच्या अंकांत राजाचा अधिकारी येतो आणि ओर्गोंस धरण्याऐवजीं तार्त्यूफलाच धरतो. राजाच्या नजरेंतून कांहींच सुटत नाहीं, अशी स्तुतीहि तो करतो. हा शेवट ओढून आणलेला आहे, असें टीकाकार म्हणत आले आहेत. पण क्षणभर विचार करावा. कुटुंबाची अक्कल हरली आहे; कायदा तर तार्त्यूफच्याच बाजूचा आहे, कारण दानपत्र रीतसर झालेलें आहे. राजाशिवाय तारणारा उरला आहे कोण? स्तुतीच्या पोटांत एक कडू कबुली दडलेली आहे: राजाची नजर चुकती, तर हें घर रस्त्यावर आलें असतें. मूळचा तीन अंकी पाठ आज उपलब्ध नाहीं. जॉर्ज फोरेस्तिए ह्या विद्वानानें तो तर्कानें जुळविला, आणि मोलियेरच्या चारशेंव्या जन्मवर्षदिनाच्या निमित्तानें जानेवारी २०२२ मध्यें कोमेदी-फ्रांसेज ह्या नाट्यसंस्थेनें तो रंगभूमीवर आणला. त्या पाठांत राजाचा अधिकारी येतच नाहीं. तारणारा हात मागाहून जोडला गेला, हा तर्क ग्राह्य धरला तर ती कबुली अधिकच कडू लागते.

'तार्त्यूफ' बंदींत असतांनाच, १५ फेब्रुवारी १६६५ रोजीं, मोलियेरनें 'डॉन जुआन' हें गद्य नाटक रंगभूमीवर आणलें. आमच्या मतें लाघवी खलाचा प्रश्न ह्या नाटकाइतक्या धिटाईनें दुसऱ्या कोणत्याहि विनोदी नाटकांत मांडला गेलेला नाहीं. नायक तरुण, उमदा, निर्भय आणि देवधर्म न मानणारा आहे. मठांतून बाहेर काढून वरलेल्या एल्वीरला त्यानें टाकलें आहे. दोन शेतकरी मुलींना तो एकाच जागीं उभें करून लग्नाचें वचन देतो, आणि तें आपल्यालाच दिलें असें दोघींसहि वाटतें. दिमांश नांवाचा व्यापारी आपलें येणें मागावयास येतो, तेव्हां डॉन जुआन त्याला आग्रहानें खुर्चीवर बसवितो, त्याच्या बायकोची, मुलांची, घरच्या कुत्र्याचीसुद्धां विचारपूस करतो, आणि पैशाचा शब्द तोंडांतून निघण्यापूर्वींच त्याला प्रेमानें दारापर्यंत पोंचवितो. आपण हंसतों. कष्टाचे पैसे बुडालेल्या माणसाला आपण हंसत आहों, हें ध्यानांत येईपर्यंत पुढचा प्रवेश सुरू झालेला असतो.

तिसऱ्या अंकांत अरण्यांत एक भिकारी भेटतो. दात्यांच्या कल्याणासाठीं देवाची प्रार्थना करण्यांत त्याचा दिवस जातो, आणि पोटाला मात्र भाकरीचा तुकडा मिळत नाहीं. डॉन जुआन त्याच्यापुढें सोन्याचें नाणें धरून देवाची निंदा करण्यास सांगतो. भिकारी उपाशी मरण्यास तयार होतो, पण निंदा करीत नाहीं. ज्याच्या जिभेपुढें स्त्रिया, सावकार व नोकर टिकले नाहींत, त्याच्यापुढें हा फाटका मनुष्य टिकतो. मग डॉन जुआन माणुसकीखातर म्हणून तें नाणें त्याला देऊन टाकतो. हें औदार्य, कीं पराभव झांकण्याची ऐट? उत्तर शोधण्यास नाटककार सवड देत नाहीं. त्याच क्षणीं तिघे दरोडेखोर एका प्रवाशावर तुटून पडलेले दिसतात, आणि हा पाखंडी मनुष्य तरवार उपसून अनोळखी माणसाच्या रक्षणास धांवतो. वांचलेला प्रवासी एल्वीरचा भाऊ निघतो. तो घराबाहेर पडलेला असतो तो डॉन जुआनचाच सूड घेण्यासाठीं!

महाविद्यालयांत हें नाटक वाचीत असतां विद्यार्थी हमखास विचारतात, कीं नाटककाराची सहानुभूति नेमकी कोणाकडे आहे? १६६५ सालच्या टीकाकारांनीं तोच प्रश्न रागानें विचारला होता. रोशमों ह्या नांवानें प्रसिद्ध झालेल्या पुस्तिकेंत मुख्य आक्षेप असा, कीं धर्माची बाजू मांडण्याचें काम नाटककारानें स्गानारेल ह्या नोकराकडे दिलें. हा नोकर भित्रा, भाबडा; त्याची ईश्वरावर जितकी श्रद्धा, तितकीच बागुलबुवावर. सृष्टीची अद्भुत रचना सिद्ध करतां करतां तो स्वतःच गिरकी घेऊन पडतो. ही भूमिका मोलियेर स्वतः करीत असे. आक्षेप वरवरचा नव्हता. पण टीकाकारांच्या नजरेंतून एक गोष्ट निसटली. ह्या दोघांपैकीं डॉन जुआनला बुद्धि आहे आणि दया नाहीं. स्गानारेलला दया आहे आणि बुद्धि नाहीं. प्रेक्षकांस दोघांपैकीं एकहि पुरा पटत नाहीं. नीतीचें मंडन नाटकांत कोठेंच आयतें मिळत नसल्यामुळें तें ज्याचें त्यानेंच करावें लागतें.

आणखी एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. चार अंकांपर्यंत डॉन जुआन उघड पापी आहे. दगडी पुतळा मान हालवितो, जेवावयास येतो, तरी वीज पडत नाहीं. पांचव्या अंकांत तो धार्मिकपणाचें सोंग घेतो. बाप आनंदाश्रु ढाळतो. आणि नोकराजवळ डॉन जुआन सांगतो, कीं ह्या काळीं ढोंग हेंच सर्वांत सुरक्षित चिलखत आहे. येथें त्याचें लाघव संपतें. निदान आपल्या पापाची जबाबदारी तो उजळ माथ्यानें घेत होता. तीहि त्यानें टाकली. मगच पुतळा त्याचा हात धरतो, वीज कोसळते आणि भूमि दुभंगते. पण मोलियेर आपणांस समाधानानें घरीं जाऊं देत नाहीं. पडदा पडतांना स्गानारेल आक्रोश करतो तो आपल्या थकलेल्या पगारासाठीं. स्वर्गाच्या वहींत सर्वांचा हिशेब चुकता झाला. नोकराचा तेवढा राहिला.

भिकाऱ्याचा प्रवेश पहिल्या प्रयोगानंतर कापावा लागला. पंधरा प्रयोगांनंतर, मार्चमध्यें, नाटकच थांबलें, आणि मोलियेरच्या हयातींत तें पुन्हां झालें नाहीं. १६७७ सालीं कोर्नेयच्या धाकट्या भावानें, तोमानें, त्याचें सोंवळें पद्यरूप तयार केलें. दीडशें वर्षांहून अधिक काळ रंगभूमीवर चाललें तें हेंच. मोलियेरचा मूळ पाठ कोमेदी-फ्रांसेजमध्यें १८४७ सालीं आला. खलाला विजेनें जाळूनहि अधिकाऱ्यांस समाधान वाटलें नाहीं, हें येथें ध्यानांत ठेवावें. शिक्षा झाली कीं नाहीं ह्याची त्यांना फिकीर नव्हती. प्रेक्षकानें स्वतःच्या डोक्यानें निवाडा करावा, ह्याची होती.

चौदाव्या लुईच्या वार्धक्यांत दरबार कर्मठ झाला, लढायांनीं खजिना रिता झाला, आणि रंगभूमीवर एक नवा खल अवतरला: चतुर नोकर. रेन्यारच्या १७०८ सालच्या नाटकांत म्हातारा जेरोंत मृत्युपत्र करण्यापूर्वींच गतप्राण झाला असें समजून त्याच्या भाच्याचा नोकर क्रिस्पँ हा म्हाताऱ्याचे कपडे घालून अंथरुणांत निजतो आणि वकिलांकडून मृत्युपत्र लिहवून घेतो. आणि धन्यादेखत स्वतःच्या नांवेंहि चांगली देणगी लिहवितो. म्हातारा जिवंत निघतो, तेव्हां हें सर्व तुम्हींच गुंगींत सांगितलें, असें त्याला पटविण्यांत येतें. कोणालाहि शासन होत नाहीं. पुढच्याच वर्षीं, १४ फेब्रुवारी १७०९ रोजीं, लसाजचें 'त्यूर्कारे' झालें. करवसुलीच्या मक्त्यावर गबर झालेला त्यूर्कारे एका सरदार घराण्यांतील विधवेस पैसा पुरवितो; ती तो एका विलासी तरुणावर उधळते; आणि दोघांनाहि लुटतो तो फ्रोंतँ नांवाचा नोकर. शेवटीं त्यूर्कारेला अटक होते, आणि आतां आपलें राज्य सुरू झालें, असें फ्रोंतँ जाहीर करतो. त्या वर्षीं फ्रान्समध्यें भयंकर थंडी व दुष्काळ पडला होता. धनिकांच्या विरोधामुळें नाटक युवराजाच्या आज्ञेनें करावें लागलें, आणि सात प्रयोगांत तें आटोपलें. ह्या नाटकांत राजा येत नाहीं, वीज पडत नाहीं. एक चोर जातो व त्याच्या खुर्चीवर दुसरा बसतो. फ्रोंतँच्या हुशारीला आपण टाळ्या देतों, कारण त्यानें लुटलेल्यांपैकीं कोणीहि अश्रूंस पात्र नाहीं. खलाचें लाघव येथें त्याच्या गुणांतून आलेलें नाहीं. भोंवतालच्या सडलेल्या समाजाच्या मानानें तो बरा दिसतो, एवढेंच.

१७४७ सालीं ग्रेसे ह्या कवीनें आपल्या नाटकाला 'ल मेशां', म्हणजे सरळ 'दुष्ट', असेंच नांव दिलें. त्याचा क्लेओं पैशासाठीं कांहीं करीत नाहीं. कंटाळा घालविण्यासाठीं तो एका सुखी घरांत भांडणें लावतो, आणि हें करतांना इतकें सुंदर बोलतो, कीं वालेरसारखा भोळा तरुण त्याला गुरु मानतो. दिवाणखान्यांतील संभाषणाची कला फ्रान्सनें ज्या शतकांत परमावधीस नेली, त्या शतकानें आपलाच चेहरा ह्या आरशांत पाहिला. क्लेओंला शिक्षा एवढीच, कीं त्याला घरांतून जाण्यास सांगितलें जातें. तो दुसरें घर शोधील, ह्याविषयीं कोणाला शंका वाटत नाहीं. पुढें १७५९ सालीं ग्रेसेनें नाट्यलेखनाचा जाहीर त्याग केला.

त्याच्या आदल्याच वर्षीं, १७५८ सालीं, रूसोनें दालांबेरला लिहिलेलें नाटकाविरुद्धचें प्रसिद्ध पत्र छापलें. जिनीव्हा शहरांत नाट्यगृह असावें, ह्या सूचनेला तें उत्तर होतें. रेन्यारच्या नाटकावर रूसो तुटून पडला: पॅरिसच्या मध्यभागीं, पोलिसांच्या डोळ्यांदेखत, भाचा मरत्या मामाची लूट करतो आणि सभ्य लोक टाळ्या पिटतात! मोलियेरची थोरवी त्याला मान्य होती, आणि म्हणूनच तो त्याला अधिक घातक वाटे. रूसोच्या ह्या हल्ल्याला हंसून उडवून लावणें सोपें आहे, पण न्याय्य नाहीं. आपण हंसतों तेव्हां सामील होतों, हें त्यानें अचूक ओळखलें. त्याचें चुकलें तें एवढेंच, कीं सामील झालेला प्रेक्षक पुन्हां शुद्धीवर येऊंच शकत नाहीं, असें त्यानें गृहीत धरलें.

ह्या परंपरेचा शेवट बोमार्शेनें केला. १७७५ च्या 'सेव्हिलच्या न्हाव्या'मध्यें काउंट आल्माव्हिव्हा हा प्रेमांत पडलेला रसिक तरुण आहे. ज्या 'फिगारोच्या लग्ना'ला सोळाव्या लुईनें बराच काळ अडवून धरलें, आणि जें अखेर २७ एप्रिल १७८४ रोजीं लोकांपुढें आलें, त्यांत तोच काउंट नोकराच्या वाग्दत्त वधूवर डोळा ठेवून आहे. लाघव तेंच; मात्र त्याच्यामागें आतां धन्याचा अधिकार उभा आहे. त्याला वठणीवर आणतात त्याची पत्नी, तिची दासी आणि नोकर. राजा नव्हे, देवहि नव्हे. काउंट सर्वांदेखत पत्नीची क्षमा मागतो व ती देते. खलाला शासन करण्याचा अधिकार येथें प्रथमच, त्यानें ज्यांना दुखविलें त्यांच्या हातीं आला.

जून १७९२ मध्यें, राजसत्ता कोसळण्याच्या उंबरठ्यावर असतां, बोमार्शेनें ह्याच कुटुंबाची तिसरी कथा रंगभूमीवर आणली आणि तिला 'दुसरा तार्त्यूफ' असें नांव जोडलें. तींतील बेजार्स हा घरभेद्या पुरता काळाकुट्ट आहे. त्याच्या लाघवाचा मोह प्रेक्षकांस क्षणभरहि पडत नाहीं, आणि त्याचें पितळ उघडें पडतें तेव्हां अश्रु वाहतात. नीति निःसंदिग्ध झाली; पण हंसूं मावळलें, आणि प्रेक्षकाला स्वतःकडे पाहण्याचें कारणहि उरलें नाहीं. बेजार्सला धिक्कारून तो आपण सज्जन असल्याची खात्री पटवून घेतो व निश्चिंत मनानें झोंपतो.

आमच्या मतें ह्या दीडशें वर्षांचा बोध येथेंच आहे. ज्या खलाला पाहतांक्षणीं ओळखतां येतें, त्याच्यापासून व्यवहारांत कोणाला धोका नसतो. घरें बुडवितात तीं हंसतमुख, गोड बोलणारीं, आपल्या एखाद्या गुप्त इच्छेला धर्माचें वा तत्त्वाचें नांव देणारीं माणसें. ओर्गोंला तार्त्यूफ कळला नाहीं, ह्याचें कारण त्याला स्वतःचें मन कळलें नव्हतें. अशा माणसांची ओळख करून घेण्यासाठीं नाट्यगृहाइतकी स्वस्त जागा दुसरी नाहीं. तेथें भुरळ पडली तरी मालमत्ता जात नाहीं. परंतु ही ओळख होण्यास आधीं भुरळ पडावी लागते. म्हणून 'तार्त्यूफ' किंवा 'डॉन जुआन' घरांतील तरुण मुलामुलींच्या हातीं द्यावें कीं न द्यावें, असें जे विचारतात, त्यांना आम्ही एवढेंच सांगूं, कीं पुस्तक अवश्य द्यावें; मात्र वाचून झाल्यावर तें कोठें कोठें हंसले, हेंहि त्यांना आठवणीनें विचारावें.